विषय बदलायचे दिवस

कूलरमधल्या वाळ्याच्या खसला आंबूस वास यायला लागला की माझा हंगाम सुरू होतो. जून सरता सरता नागपुरात कूलर कामाचा राहत नाही. तो हवा गार करत नाही, नुसती ओली करतो. कागद मऊ पडतात, शिक्क्याची शाई पसरते, टेबलावर टेकलेला हात उचलताना चिकटतो. नेमक्या अशा हवेत आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पोरांचे विषय बदलायचे दिवस येतात. पहिलं वर्ष पार करून आलेल्यांनी आपला मुख्य विषय कायम करायचा, नको असेल तर बदलायचा, आणि त्यासाठी त्या विषयाच्या मार्गदर्शक शिक्षकाची सही घ्यायची. मानसशास्त्राची मार्गदर्शक मी. विभागात शिकवणारीही मीच, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्लीही माझ्याच पर्समध्ये. त्यामुळे भांडायचं झालं तर पालकांना फार शोधाशोध करावी लागत नाही.

यंदाही टेबल लागलं आणि पहिल्याच पालकानं पहिलाच प्रश्न टाकला. "मॅडम, याले स्कोप काय आहे?"

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या सुरांत ऐकला आहे की माणूस खुर्चीत बसायच्या आधीच मला तो ऐकू येतो. नवी होते तेव्हा मी पाठ केल्यासारखं सांगायची: शाळा आहेत, दवाखाने आहेत, मिहानमधल्या कंपन्यांनासुद्धा माणसांच्या मनाशी कधीमधी काम पडतं. आता नाही सांगत. आता मी उलट विचारते, "भाऊ, तुम्हाला काय शिकायचं होतं?" बहुतेक जण गडबडतात. कोणी हसतं, कोणी मुलीकडं बघतं, एखादा चिडतो. पण अधूनमधून एखादा बाप खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडं पाहत म्हणतो, "मले तं तबला शिकायचा होता," आणि त्याच्याबरोबर आलेली मुलगी पहिल्यांदाच ऐकते की आपल्या बापाला तबला शिकायचा होता. मग स्कोपचं राहून जातं.

प्राचार्यांना माझी ही पद्धत पसंत नाही. त्यांच्या मते मार्गदर्शकानं मार्ग दाखवावा. माझं म्हणणं, सल्ला ही आमच्या शहरात उन्हासारखी गोष्ट आहे, मागायला जावं लागत नाही. पानठेल्यावर मिळतो, ऑटोत मिळतो, मयतीला गेलं तरी मिळतो. त्यात माझी भर कशाला? मला पगार सल्ल्याचा मिळतो हे मान्य. तरी मी देत नाही. मी समोर बसवते आणि विचारते, तुला काय हवं आहे. एवढा सोपा प्रश्न एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना आयुष्यात कोणी विचारलेला नसतो, असं दरवर्षी दिसतं आणि दरवर्षी माझं डोकं तापतं.

या विषयाकडं येणारी पोरंही नाना तऱ्हेची. मोबाइलवर दोन-चार चित्रफिती पाहून आलेली. घरात कोणी आजारी आहे म्हणून आलेली, पण ते न सांगणारी. मैत्रिणीनं घेतला म्हणून आलेली. मुलगे कमीच, कारण घरी सांगितलेलं असतं की हा पोट्टींचा विषय. आणि जी येतात त्यांना पहिल्या सहामाहीतच एक आजार जडतो. मनोविकारांची चार नावं कानावर पडली की ती घरभर वाटत सुटतात. काकूनं दोनदा गॅस बंद केला की नाही ते पाहिलं, की काकूला अमुक. मामा लग्नात बोलला नाही, की मामाला तमुक. एका पोरीनं तर शेजारच्या कुत्र्याचंही निदान केलं होतं. हा आजार उतरावा म्हणून मी एक गृहपाठ देते. तो साधा आहे. कोणाही एका माणसासमोर घटकाभर बसायचं आणि त्याचं ऐकायचं. मोबाइल बघायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, "माझंही असंच झालं होतं" म्हणायचं नाही. आणि त्या माणसानं जे सांगितलं ते बाहेर न्यायचं नाही. मलाही सांगायचं नाही. वर्गात बोलायचं ते एवढंच की ऐकताना तुम्हाला काय जड गेलं.

मग वर्गात गंमत येते. कोणाची आजी बोलायला लागली ती थांबेचना, दुपारचा स्वयंपाक राहिला. कोणी सांगतं की मध्येच बोलायची इतकी हुक्की आली की ओठ दाताखाली धरून बसावं लागलं. आणि एखादी मुलगी मान खाली घालून म्हणते, "मॅडम, आमच्या घरी कोणी बोललंच नाही." ते ऐकलं की मी फळ्याकडं तोंड करून काहीतरी पुसत राहते.

आचल याच गृहपाठापायी अडकली. त्याला आता काही वर्षं झाली, पण खसचा वास आला की मला तीच आठवते.

इतवारीतल्या भांडेवाल्यांची ती मुलगी. खाली दुकान, वर घर. पहिल्या वर्षी तिला विचारलं होतं, हाच विषय का, तर तिनं लगेच सांगितलं, "मॅडम, आमच्या दुकानात लोकं गंज-भांडे घ्यायले येतात अन् अर्धा घंटा बोलून जातात. गंज तं निमित्त राहते. ते काहून बोलतात, ते मले शिकायचं आहे." मी त्या उत्तरावर खूश झाले होते. पुढं पाहिलं तर पोरगी खरंच वेडी होती या विषयाची. प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी निघायची. आरशात पाहून चांदणी काढायच्या प्रयोगात स्वतःचाच हात उलट्या दिशेला पळतो याचं तिला इतकं हसू यायचं की तिच्यामुळं आख्खी बॅच हसत सुटायची. तिला एम.ए. करायचं होतं, पुढं समुपदेशन शिकायचं होतं. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

त्या वर्षी परीक्षा संपल्या आणि मेअखेरीस तिला पाहायला पाहुणे आले. मुलगा मिहानमध्ये कामाला, घर बेसाला, नवीन फ्लॅट. स्थळ वाईट नव्हतं आणि आचलनंही नाही म्हटलं नव्हतं. पोहे झाले, चहा झाला, नावगाव-शिक्षण झालं. मग कोणीतरी मोठ्या मनानं म्हणालं, "पोट्टापोट्टीले बोलू द्या थोडं." म्हणून दोघांना गच्चीवर पाठवलं. ऊन उतरलं होतं तरी फरशी तापलेलीच होती. जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातलेल्या होत्या आणि त्या लुगड्याच्या कडेनं दोघं उभे राहिले. हे सगळं मला आचलनंच नंतर सांगितलं, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं.

मुलानं ठरलेला प्रश्न विचारला, "तुमची हॉबी काय?" तिनं उत्तर दिलं. मग तिची पाळी आली. तिला पगार विचारता आला असता, स्वभाव विचारता आला असता. पण वर्षभर मानसशास्त्र शिकलेली विद्यार्थिनी ती. तिनं विचारलं, "तुम्हाले कसं वाटून राहिलं?" आणि गप्प उभी राहिली. शिकवल्याप्रमाणे. पुढचा प्रश्न नाही, नजर इकडं-तिकडं नाही, मान हलवायची तेवढी हलवली.

तो मुलगा आधी काहीतरी गुळमुळीत बोलला. मग थांबला. मग खरं बोलायला लागला. खालून हाक आली तरी बोलत राहिला. आणि खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, नाक ओढत होता. बैठकीत सगळे पाहतच राहिले. त्याची आई ताडकन उठली. "बाप्पा! काय केलं वं तू पोराले? रडून राहिला ना तो!"

तुम्हाला हसू येत असेल. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आलं होतं. मुलगी पाहायला आलेला मुलगा रडत खाली उतरतो, हे आमच्या भागात तरी पूर्वी झालेलं नसावं. पण इतवारीतून बेसाला बातमी पोहोचायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी नकार आला. त्यानंतर नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला लागलं की पोट्टी पागल लोकांचं शिकते, तिनं पोरावर काहीतरी केलं, त्याला पागल ठरवलं. कोणी म्हणालं मोहिनी घालते. कोणी म्हणालं असल्या शिकलेल्या मुलीला घरात आणलं तर ती सासूचंही डोकं तपासेल.

कॉलेज उघडलं, विषय बदलायचे दिवस आले आणि आचलचे बाबा तिला घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला, गळ्यात दुपट्टा. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यांशी माझं चांगलं जमतं. पण ते हळू आवाजात बोलत होते.

"मॅडम, तुमी पोरीले काय शिकवून राहिल्या?"

"मानसशास्त्र."

"ते मले मालूम आहे. पण पाहुण्याच्या पोराले रडवायचं काहून शिकवता?"

मी म्हटलं, "रडवायचं नाही शिकवत, ऐकायचं शिकवते. तो गृहपाठ मी दिला होता."

"तुमी?" ते खुर्चीत बसले. "म्हनजे तुमच्यापायी झालं हे!"

मी हो म्हटलं. त्यांनी दुपट्ट्यानं कपाळ पुसलं आणि सांगितलं की पोरीचा विषय बदलून द्या. मराठी द्या, इतिहास द्या, जे लागते ते द्या, फक्त हा नको. मी म्हटलं, तिला विचारा. त्यावर आमचा आवाज चढला, आणि शिपाई येऊन सांगता झाला की प्राचार्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आहे.

प्राचार्य माणूस चांगला, पण त्यांना शांतता फार आवडते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं आणि एक तोड काढली. ती तोड ऐकताना मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. ते आचलला म्हणाले, "बेटा, तो मुलगा तुला काय म्हणाला, तेवढं सांगून टाक. इथं आपण घरचेच आहोत. तुझे बाबा चार लोकांना सांगतील की आमच्या मुलीनं काही केलं नाही. गैरसमज मिटेल आणि तुझा विषयही राहील."

बाबा लगेच म्हणाले, "हाव. तेवढं सांग. मंग शिक तुले जे शिकायचं ते. एम.ए. कर, काही कर, मी आडवा येत नाही."

एम.ए.चं त्यांना ठाऊक होतं तर. आचलनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. तिला जे हवं होतं ते सगळं तिच्या बापानं त्या एका वाक्यात टेबलावर मांडलं होतं. दोन वाक्यं बोलली असती तर विषय तिचा, एम.ए. तिची, नाव स्वच्छ.

"नाही सांगत," ती म्हणाली.

"काहून?"

"त्यानं मले सांगितलं, बाबा. तुम्हाले नाही."

"अवं, त्याच्याच घरचे तुझं नाव खराब करून राहिले ना!"

"करू द्या."

"तो काही वंगाळ बोलला का तुले? तसं असन तं सांग, मी पाहतो त्याले."

"नाही, बाबा. तसं काहीच नाही. चांगला आहे तो."

"मंग?"

"मंग काही नाही."

मला त्या बापाची दया आली. इतके दिवस त्यांना काय काय वाटून गेलं असेल ते त्या एका प्रश्नात होतं. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

आता खरं सांगते. तो मुलगा काय बोलला हे कळावं म्हणून माझा जीव नुसता तळमळत होता. मी काही साधुसंत नाही. शेजारच्या घरात भांडण झालं तर मीही गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते. शिवाय माझी लाडकी विद्यार्थिनी हातची जात होती आणि तिला वाचवायचा रस्ता समोर मोकळा होता. मी फक्त म्हणायचं होतं, सांग आचल, इथं चालेल. तिनं माझ्याकडं पाहिलंही. मदत मागणारी नजर नव्हती ती. मी शिकवलेलं खरं होतं की परीक्षेपुरतं, हे ती पाहत होती.

मी म्हणाले, "ती माझंच ऐकते आहे, सर."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग आचलच बोलली. "सर, मले अर्ज द्या. इतिहास घेते मी."

तिनं तिथंच उभ्यानं अर्ज भरला. अक्षर नेहमीसारखंच. बाबा पाहत राहिले. विषय सोडायला लावायला तेच आले होते, पण ती असा सोडेल हे त्यांच्या मनातही नव्हतं. तिनं अर्ज माझ्यासमोर सरकवला. "मॅडम, सही."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कशानं फिरलं ते मला त्या वेळी नीट कळलंही नाही. आजवर कितीतरी पोरं माझ्या विषयात पास झाली. व्याख्या तोंडपाठ, आकृत्या सुबक, तोंडी परीक्षेला पोपटासारखी उत्तरं. त्यातल्या किती जणांनी शेजारणीची गोष्ट घरी येऊन सांगितली नसेल? आणि या एका पोरीनं पहिला नियम जिवापाड पाळला, तर त्याबद्दल मी तिला विषयाबाहेर काढू? माझ्या सहीनं?

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, विद्यार्थिनी स्वतः मागते आहे. नियमानं तुम्हाला..."

"नियम मला ठाऊक आहे, सर. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. सगळ्या वर्गातून ही एकटी मानसशास्त्र शिकली, आणि हिलाच इतिहासात पाठवायचं? नाही जमणार. उद्या मेमो द्या, परवा द्या, सही होणार नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला राग आला की रडू येतं. याचं शास्त्रीय कारण मी वर्गात शिकवते, पण त्यानं रडू थांबत नाही.

बाबांनी मला विचारलं, "तुमाले तरी सांगतलं का तिनं?"

"नाही. मी विचारलंही नाही."

"तुमालेही नाही?"

"नाही."

मग आचल त्यांच्याकडं वळली. आवाज तोच, हळू. तो तिनं त्यांच्याकडूनच घेतलेला असणार. "बाबा, आपल्या दुकानात लोकं जुने भांडे मोडीत द्यायले येतात. लग्नातले हंडे येतात, नावं कोरलेले. कोणाच्या घरचा आला, कोणत्या बाईनं डोळे पुसत ठेवला, ते तुम्ही कधी सांगतलं का कोणाले? आईलेही नाही सांगत. नावाची बाजू भिंतीकडं करून ठेवता तुम्ही. मी लहानपणापासून पाहून राहिली."

बाबांनी दुपट्टा गळ्यातून काढला, चेहरा पुसला, पुन्हा गळ्यात टाकला. मग माझ्यासमोरचा अर्ज उचलून सगळा वाचला. सावकाश, अगदी कॉलेजच्या नावापासून.

"इतिहासात काय ठेवलं आहे?" ते अर्जाकडं पाहतच म्हणाले. (आमच्या इतिहासाच्या सरांना हे मी अजून सांगितलेलं नाही.) त्यांनी अर्जाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. "चाल," ते आचलला म्हणाले, "दुकान बंद ठेवून आलो मी."

"मग अर्जाचं काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"कोनता अर्ज, साहेब?" बाबा म्हणाले आणि तिला पुढं घालून निघाले.

इथं टाळ्या वाजाव्यात असं काही झालं नाही, हेही सांगायला हवं. लोकांची तोंडं बंद झाली नाहीत. त्या वर्षी आचलला दुसरं स्थळ आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिची आई कित्येक दिवस तिच्याशी कामापुरतं बोलायची. वर्गातली टवाळ पोरं तिला "रडवणारी" म्हणायची. एकानं रुमाल पुढं करून "ताई, मलेही ऐक" असं म्हटलं तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर काढलं. आचलनं त्याला नंतर कँटीनमध्ये खरंच बसवून ऐकलं, असं मला कळलं. तो पुन्हा कधी रुमाल घेऊन आला नाही.

मला मात्र त्या मुलाच्या घरच्यांवरचा राग सोडवत नव्हता. मी एकदा आचलला म्हणाले, "ज्या घरात पोरगा चारचौघांत रडला म्हणून लग्न मोडतं, त्या घरात तू गेली नाहीस ते बरंच झालं." मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"असं नका म्हणू, मॅडम," ती म्हणाली. "त्याची आई घाबरली होती. तिनं त्याले कधी रडताना पाहिलंच नसन."

तरी माझा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. आपल्याकडं मुलाला नोकरी लागली, फ्लॅट झाला, गाडी झाली की तो झाला असं मानतात. त्याला कसं वाटतंय हे विचारणारं माणूस त्याला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात भेटावं, तेही परक्या घरच्या गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी, यात हसण्यासारखं फार नाही. आणि त्यानं बोलण्याचा गुन्हा केला, तिनं ऐकण्याचा. शिक्षा मात्र ऐकणारीलाच झाली. आमच्यात ही रीतच आहे.

सहकाऱ्यांनी मला समजावलं की आता तो गृहपाठ बंद कर, निदान एक सूचना तरी घाल, की बघायला आलेल्या पाहुण्यांवर हे करू नये. मी सूचना घातली. दरवर्षी वाचून दाखवते: ज्याच्याबरोबर जन्म काढायचा विचार आहे, त्याचं आधी ऐका. पालकांच्या दोन तक्रारी आल्या. मी त्याही शांतपणे ऐकून घेतल्या, सल्ला दिला नाही.

आचल आता एम.ए.ला आहे. सुट्टीत इतवारीतून स्कूटीवर येते आणि या टेबलाशी माझ्या बाजूला बसते. परवा एक आई मुलीला घेऊन आली आणि विचारू लागली, की या विषयानं पोरगी बिघडते म्हणतात, खरं आहे का? मी तोंड उघडायच्या आत आचल म्हणाली, "हाव मावशी, बिघडते. मंग तिच्यापासून कोणाले काही लपवावं नाही लागत." ती बाई खुर्ची ओढून बसली, आणि बराच वेळ बोलत राहिली. मुलगी कंटाळून बाहेर गेली.

पण मला सांगायचं होतं ते त्या वर्षीचंच. विषय बदलायची मुदत संपली त्या दिवशी मी कपाट बंद करत होते. बाकी स्टाफ गेला होता. दारात आचलचे बाबा उभे. एकटेच. मला वाटलं, अर्ज परत घेऊन आले.

"आचल घरी आहे," ते म्हणाले. "तिले सांगतलं नाही मी इकडं येतो म्हणून."

"बसा."

ते बसले. पोरं बसतात त्याच खुर्चीत, पोरांसारखेच, अर्धवट टेकून. इकडचं तिकडचं बोलले. तांब्याचा भाव, कॉलेजचा रस्ता. मग थांबले. मी काही विचारलं नाही. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं.

"मॅडम, इथलं इथंच राहते ना?"

मी उठून दार लावलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसले. मग ते बोलले. किती वेळ ते मी पाहिलं नाही. मी मध्ये एकदाही बोलले नाही आणि मलाही ते जडच गेलं. उठताना म्हणाले, "तुमी तं काहीच बोलल्या नाही," आणि मग थोडं थांबून, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की भांडेवाले येऊन गेले, दार लावून बराच वेळ बसले होते. त्यांना काळजी होती. "पुन्हा तक्रार आहे का, मॅडम? काय म्हणत होते?"

"ते सांगता येणार नाही, सर."

"मलासुद्धा? मी प्राचार्य आहे."

"तुम्हालासुद्धा."

मेमो काही आला नाही, पण त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी जपून बोलायचे.

त्या मुलानं गच्चीवर काय सांगितलं ते मला आजही ठाऊक नाही. आचलच्या बाबांनी त्या दिवशी काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. तुमच्यासाठी दोन्ही सारखंच.